आहेराची साखर

वागियेमने गाय विकली ती साखरेसाठी. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून गावाला वाटलं मांडवासाठी विकली असेल, नाहीतर जावयाला फटफटी घ्यायची असेल. पण मांडव, वाजंत्री, नवरीचा साज सगळं आधीच ठरलेलं होतं, आणि जावई बिचारा काही मागणाऱ्यातला नव्हता. गाय गेली ती सरळ तिच्याच दुकानात गेली, साखरेची आणि तांदळाची पोती होऊन.

त्यामागचा विचार साधा होता. आमच्याकडे लग्नाला बाई रिकाम्या हाताने जात नाही. टोपल्यात तांदूळ, वर साखर, ऐपत असली तर तेल आणि नूडल्सची पाकिटं, असा आहेर कापडाने कमरेला बांधून ती मागच्या दाराने आत जाते. परतताना त्याच टोपल्यात शिजलेला भात, कोंबडी आणि मिठाई घेऊन येते. उद्या तिच्या घरी कार्य निघालं की तेवढाच आहेर उलट जातो. आणि या वस्तीतल्या आहेराची साखर, वागियेमने दुकान मांडल्यापासून, तिच्याच फळीवरून जात आली होती. कुणाचंही लग्न निघालं की आठवडाभर आधीपासून तिच्यापुढे बायकांची रांग लागायची. लग्न झाल्यावर यजमानीण उरलेली साखर डोक्यावरून तिच्याकडेच आणून विकायची.

आता लग्न खुद्द वागियेमच्याच घरचं होतं.

"एकच साखर दोनदा विकायची आणि मधे पोरीचं लग्न लावून घ्यायचं," तिचा नवरा सार्दी म्हणाला. तो पोतं पाठीवर घेऊन ओट्याची पायरी चढत होता आणि हसू आल्यामुळे त्याचा तोल जात होता.

"हसू नकोस पाकने, पडशील. भिजलंय का बघ खालनं."

"खालनं मीच भिजलोय. पोतं कोरडं आहे."

पोरांचा बाप म्हणून ती त्याला पाकने म्हणायची, आणि तो तिला बुने. पावसाने आठ दिवस उसंत घेतली नव्हती. सार्दीने तालुक्याच्या बाजारातून फटफटीला दोन्ही बाजूंनी पोती लटकवून, वरून प्लास्टिक बांधून, दिवसभर खेपा घातल्या होत्या. त्याची कंबर जुनी दुखरी. शेवटचं पोतं उतरवल्यावर तो जमिनीवर पालथा पडला आणि वागियेम त्याच्या पाठीवर उभी राहून पायांनी कंबर दाबू लागली. दाबताना तिची नजर फळीवर होती. दुकान छतापर्यंत भरलं होतं. इतकं भरलेलं दुकान तिने स्वतःही कधी पाहिलं नव्हतं.

"थंड दुकानाला बघायला बोलवायला पाहिजे," ती म्हणाली.

थंड दुकान म्हणजे डांबरी रस्त्यावरचं नवं दुकान. लुरा नावाच्या माणसाचं भाताचं खाचर भरून तिथे काचेची इमारत उभी राहिली होती. आत गार हवा, लखलखीत दिवे, आणि दारात पाऊल टाकलं की तिथली कामावरची पोरगी ओरडून नमस्कार करते. या कंपनीची असली दुकानं म्हणे समुद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहेत. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणी घेत नाही. मागच्या सुगीपासून ते उघडलं होतं आणि डांबरी रस्त्यापलीकडची नोकरदार माणसं तिकडे जायला लागली होती. वस्तीतल्या जुन्या बायका मात्र अजून बाहेरूनच काचेतून बघायच्या. आत जायला त्यांचं धाडस होत नव्हतं, आणि त्यांना वागियेमची लाजही वाटायची. एवढी वर्षं जिच्या फळीवरून मीठमिरची उचलली तिच्या डोळ्यांसमोरून दुसरीकडे कसं जायचं.

वागियेमला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

लग्नाला आठवडा उरला. तिने तराजू घासून ठेवला, साखरेची पोती फळीच्या अलीकडे ओढली, रबरांची पिशवी खुंटीला अडकवली, आणि ओट्यावर बसली. बायका आल्या. एकीने मीठ नेलं, दुसरीने शाम्पूची पुडी. तुकिलाहने काडेपेटी मागितली.

तुकिलाह म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली आणि पहिली पोरंही एकाच पावसाळ्यात झालेली.

"बस की," वागियेम म्हणाली. "काडेपेटीच? आणखी काय देऊ?"

"नको. बस झालं."

"साखर आताच बांधून ठेवू का तुझी? मग गर्दीत तुला उभं राहायला नको."

तुकिलाहने काडेपेटी उघडून आतल्या काड्या बघितल्या, जणू मोजून घ्यायच्या होत्या. "बघू," ती म्हणाली. "भात वाळायचाय अजून माझा. चुलीवर ठेवलंय काहीतरी." आणि निघून गेली.

वागियेमला वाटलं, बरोबर आहे. ऊन नाही, भात वाळलेला नाही, हातात काही नाही, तर बाई आहेर कशावर घेईल. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या एकदम तुटून पडतील. म्हणून तिने सार्दीला आणखी पिशव्या आणायला पिटाळलं.

दुकानापुढच्या बाकावर म्हातारा दिर्जो कॉफी पीत बसलेला असायचा. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी येई, आणि त्याला साखर इतकी लागे की चमचा ग्लासात उभा राहावा. म्बाह दिर्जो म्हणजे वस्तीचे आजोबाच. ग्लास खाली ठेवला की त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"त्या थंड दुकानच्या साखरेला गोडीच नाही," तो त्या दिवशी म्हणाला. "नातवाने आणली होती. तोंडात घेतली तर वाळू."

"तुम्हाला काय कळतंय म्बाह, दात तर नाहीत," वागियेम हसत म्हणाली.

"गोडी काय दातानं कळती? गारठ्यात ठेवलेल्या साखरेला चव राहत नाही. तुझ्याकडची साखर माणसाच्या हातची असती." तो काठी टेकत उठला आणि ठरलेलं वाक्य बोलला, "उद्याचं पाणी ठेव गं."

म्हणजे उद्याच्या कॉफीचं आधण, तो येणार म्हणून. ती रोज म्हणायची, ठेवते. त्या दिवशीही म्हणाली. पण तो गेल्यावर तिने साखरेच्या पोत्यात हात घातला, आणि हाताला दमट लागलं.

लग्नाच्या तीन दिवस आधीपासून वस्तीतल्या बायका स्वयंपाकाला जमल्या. आमच्याकडे आचारी लावत नाहीत. शेजारणी येतात, आपापली सुरी आणि खोबऱ्याची किसणी घेऊन येतात, आणि घर ताब्यात घेतात. मागच्या अंगणात ताडपत्री ताणून चुली मांडल्या होत्या. ओली लाकडं पेटत नव्हती, धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते. पुरुष मंडळी मोठ्या कढईत नारळाच्या दुधात तांदळाचं पीठ आणि गूळ घालून मिठाई घोटत होती. ती मिठाई चिकट होत गेली की लाकडी वल्हं हलवायला दोन माणसं लागतात आणि थांबलं की खाली लागते. सार्दीच्या कमरेला पंचा आवळून बांधला होता, तरी तो वल्हं सोडायला तयार नव्हता.

स्वयंपाकाची मुख्य होती रुकमी. लिक रुकमी, म्हणजे सगळ्यांची मावशी. जाड बाई, आवाज त्याहून जाड. कांद्याच्या ढिगाभोवती बायका बसल्या होत्या आणि नुकतीच लग्न होऊन आलेली नूर बोलता बोलता थंड दुकानाच्या गोष्टीवर घसरली.

"मला आवडतं बाई तिथं," नूर म्हणाली. "कुणी विचारत नाही, काय गं, आज अंडं कशाला, कोण आलंय घरी. घ्यायचं, द्यायचं, निघायचं."

"म्हणूनच जाऊ नये," रुकमी म्हणाली. "जिथं कुणी विचारत नाही तिथं मेलीस तरी कुणी विचारणार नाही. माझा नवरा गेला तेव्हा पांढरं कापड आणि अत्तर कुणी आणून दिलं पहाटे? त्या गार पोरीनं?"

"रोज थोडंच मरतंय कुणी, लिक. तेल रोज लागतं."

बायका हसल्या. वागियेमही हसली. ती तेव्हा खोबरं किसत होती आणि तिची बोटं सोलवटली होती. "नूर, तू विचारलेलं आवडत नसेल तर आजपासनं तुला मुकीच होऊन माल देते," ती म्हणाली. परत हशा झाला. फक्त तुकिलाह मान खाली घालून कांदा चिरत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी काढत राहिली. कांद्याने ते सगळ्यांच्याच येत होतं.

साखर मात्र अजून कुणी नेली नव्हती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वागियेमने दुकानाची फळी उशिरापर्यंत उघडी ठेवली. कुणी आलं नाही. ती आतून हादरली होती, पण घरात पाहुणे, अंगाला हळद लावून बसलेली पोरगी, त्यात तोंड वाकडं करून कसं चालेल. तिने सार्दीला बाजूला घेतलं.

"पाकने, उद्या रिकाम्या हाताने येतील का गं बाया?" घाबरून ती नवऱ्याशीच बाईशी बोलावं तशी बोलली.

"असं कधी झालंय का. तांदूळ आणतील घरचे. साखर कमी आणतील. ओली हवा आहे, पैसा नाही लोकांकडं."

"मग आपलं एवढं?"

सार्दीच्या हाताला गुळाचा पाक चिकटून वाळला होता आणि तो नखाने तो खरवडत होता.

लग्नाच्या दिवशी पावसाने उघडीप दिली. बायका आल्या, आणि एकही रिकाम्या हाताने आली नाही. मागच्या दाराशी उभी राहून वागियेम एकेकीचा हात हातात घेत होती. टोपली जड होती. कमरेच्या कापडाला ताण पडलेला दिसत होता. तिला रडू फुटलं, आणि रडतानाच हसू आलं. आपण काय काय मनात आणलं याची तिला लाज वाटली. काही टोपल्यांच्या वर टोकं बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या डोकावत होत्या. त्या आतली बाजू बाहेर काढून उलट्या केलेल्या होत्या. तिने ते पाहिलं, पण त्याचं काही वाटून घ्यायला तिला तेव्हा सवड नव्हती.

आहेर जातो तो धान्याच्या खोलीत. कार्याचे दिवस त्या खोलीत घरच्या बाईने पाऊल टाकायचं नसतं. टाकलं तर तांदूळ पुरत नाही, पंगत अर्धी उठते, असं मानतात. खोली सांभाळायला एक जाणती म्हातारी बसवतात. ती उपास धरते, दाराशी चटई टाकून बसते, टोपली आत घेऊन रिकामी करते, आणि लागेल तसा तांदूळ बाहेर देते. वागियेमने म्बाह गिनाहला बसवलं होतं; आजीलाही आमच्याकडे म्बाहच म्हणतात. म्हातारीने तीन-तीन पिढ्यांची लग्नं त्या चटईवरून पार पाडली होती.

दुपारी वागियेम तिला कोमट पाणी द्यायला गेली. "म्बाह, किती आलं?"

"पुष्कळ आलं."

"साखर आली?"

गिनाहने पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि दाराचं कापड ओढून नीट केलं. "तू तुझ्या पाहुण्यांकडं बघ," ती म्हणाली. "इथं नको डोकावू." नियमाप्रमाणेच बोलली. तरी बोलताना तिने वागियेमच्या तोंडाकडे बघणं टाळलं.

पंगती उठल्या. पोरगी पुर्वांती रडली, जावयाच्या घरची माणसं तिला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवायला लागले तेव्हा म्बाह गिनाहने आपली चटई गुंडाळली, दाराचं कापड काढलं आणि वागियेमला आत बोलावलं.

आत पहाट झाल्यासारखं पांढरं होतं. भिंतीला टेकून साखरेची पाकिटं रचली होती, एकावर एक, तिच्या खांद्यापर्यंत. सुटी साखर नव्हती, तिच्याकडच्या रबर लावलेल्या पिशव्या नव्हत्या. छापील पाकिटं होती, आणि प्रत्येकावर हिरव्या अक्षरांत थंड दुकानाचं नाव. तेलाच्या पिशव्यांवर तेच. नूडल्सच्या गठ्ठ्यांवर त्याच दुकानाची चिकटपट्टी. तांदूळ तेवढा लोकांच्या घरचा होता.

वागियेमने एक पाकीट उचललं. मग दुसरं. ती एकेक पाकीट उलटून बघत राहिली, जणू एखादं तरी चुकून आपलं निघेल. पाकीट सुटून पायावर पडलं तरी तिला कळलं नाही. ती धान्यात बसली.

"मला दिसत होतं गं पोरी," म्बाह गिनाह म्हणाली. "पण कार्य मोडायचं का मी?"

"सगळ्यांनी?" वागियेमने विचारलं.

"सगळ्यांनी."

सार्दी दारात येऊन उभा होता. तो आत आला नाही. त्याने पाकिटांचा ढीग पाहिला, मग मागे वळून दुकानाच्या बाजूला पाहिलं, जिथे गाय पोत्यांत बसली होती. तो जाऊन मांडवाचे बांबू सोडायला लागला. कंबर दुखत असताना ते काम त्याने करायचं नव्हतं.

वागियेम उठली आणि तशीच, डोक्याला काही न बांधता, तुकिलाहच्या अंगणात गेली. तुकिलाह हौदावर कपडे चोळत होती. तिने मान वर केली आणि हातातलं कापड पाण्यात सोडून दिलं.

"तू पण?" वागियेम म्हणाली.

"मी पण."

"काय चुकलं माझं? मापात कधी मारलं? कुणाला कडू बोलले? मला तोंडावर सांगायचं होतं, तुझ्याकडनं नाही घेणार म्हणून. मी खोलीत बघितलं आणि मला वाटलं कुणीतरी माझ्या तोंडावर थुंकलंय. सगळ्या मिळून थुंकल्या."

तुकिलाह पदराला हात पुसत उभी राहिली. ती खरोखरच गोंधळली होती. "थुंकलं? काय बोलतीस तू? तुझ्या मानासाठी गेलो आम्ही तिकडं."

"मान?"

"मग काय करायचं? तुझ्याच फळीवरनं साखर उचलायची, मागच्या दारानं जायचं आणि तुझ्याच खोलीत ओतायची? हा काय आहेर झाला? लोक काय म्हणाले असते, वागियेमला वागियेमचीच साखर नेऊन दिली. आणि तू काय पैसे घेतले असतेस आमच्याकडनं?"

"घेतले असते," वागियेम म्हणाली.

तुकिलाहचं तोंड उघडंच राहिलं. "आहेराचे? तुझ्याच पोरीच्या?"

"दुकान आहे ते तुकिलाह. गाय विकून भरलं मी ते. तुम्ही याल म्हणून भरलं. पैसे घेतले असते, हसत घेतले असते."

"आम्हाला वाटलं तू घ्यायचीच नाहीस," तुकिलाह हळू म्हणाली. "रुकमी लिकच म्हणाली, ती बाई एक दमडी घेणार नाही, आणि सगळ्यांनी तिच्याकडनं उचललं तर फुकटात बुडेल पोरीच्या लग्नात. तिकडं जाऊ, कडू वाटलं तरी जाऊ. पिशव्या पण उलट्या करून घेतल्या आम्ही, तुला नाव दिसू नये म्हणून."

वागियेम हौदाच्या कडेला बसली. ज्या रुकमीने सगळ्यांदेखत तिची बाजू घेतली होती, तीच सगळ्यांना घेऊन काचेच्या दारातून आत गेली होती, आणि तेही तिच्याच भल्यासाठी. राग करावा असं त्यात कुणी सापडत नव्हतं. आपल्यावर एवढं प्रेम करणाऱ्या बायकांनी मिळून आपल्याला बुडवलं, हे कुणाला जाऊन सांगायचं ते तिला कळेना.

तुकिलाह तिच्या शेजारी येऊन बसली. तिला दिलासा द्यायचा होता, म्हणून ती बोलत राहिली. "खरं सांगू, आत जायचीच भीती वाटत होती. नूर सोडली तर सगळ्या दाराशी उभ्या. चपला काढायच्या का नाही कळेना. रुकमी लिकनं काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या, पायरीवर ही ओळ लागली चपलांची. आतली पोरगी म्हणती, घालूनच या की मावशी. आम्ही हसून हसून मेलो. मग तीच धरून घेऊन गेली, साखर कुठं, तेल कुठं दाखवत. स्वभावानं चांगली आहे पोरगी. पलीकडच्या गावची आहे, बाप नाही तिला." तिने चोळीत हात घालून काहीतरी काढलं. "हे कार्ड दिलं सगळ्यांना. हे दाखवलं की तेल पण कमीत मिळतं. पुढच्या वेळी..."

ती थांबली. पुढच्या वेळी हे शब्द दोघींनी ऐकले होते. तुकिलाहने कार्ड मुठीत दाबलं, पण ते परत चोळीत ठेवलं नाही आणि टाकूनही दिलं नाही.

लग्नानंतरची उरलेली साखर यजमानीण दुकानात आणून विकते. वागियेमचं दुकान तर तिच्याच घरात होतं. तिने आणि सार्दीने ती पाकिटं खोलीतून ओट्यावर आणली. तिकडच्या नावाचं पाकीट आपल्या फळीवर कसं मांडायचं, म्हणून ती कात्रीने पाकिटं फोडायची, साखर परातीत ओतायची, आणि आपल्या साध्या पिशव्यांत बांधून रबर लावायची. रिकामी हिरवी पाकिटं सार्दी चुलीत घालायचा. ती जळताना वास यायचा. तिची स्वतःची पोती मागे भिंतीला तशीच होती. दमट हवेने त्यातली साखर दगडासारखी घट्ट धरली होती आणि मुंग्यांनी वाट शोधली होती.

"म्हशीला घालू का थोडी?" सार्दीने एकदा विचारलं.

"कुठली म्हैस?"

"लुराची. आपली गाय तर गेली."

वागियेमला हसू आलं नाही. त्यालाही आलं नव्हतं.

डांबरी रस्त्याकडून बायका परतायच्या. पहिले काही दिवस पिशव्या उलट्या असायच्या, किंवा डोक्यावरच्या कापडाखाली धरलेल्या. मग एक दिवस नूर पिशवी सुलट धरून आली. मग इतरही. एकदा तुकिलाहही गेली समोरून, हातात हिरव्या अक्षरांची पिशवी झुलवत, आणि पिशवीवाल्याच हाताने तिने वागियेमला हात केला. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिचा तेवढाच हात मोकळा होता, दुसऱ्या कडेवर नात होती. वागियेमनेही हात केला.

आता ओट्यावर येत ती फक्त अडलेली माणसं. एखादी पुडी राहिली, काडेपेटी संपली, एवढ्यासाठी कोण रस्त्यापर्यंत जाणार, म्हणून. आणि म्बाह दिर्जो. तो रोज यायचा, बाकावर बसायचा, कॉफी प्यायचा.

त्या सकाळी धुकं होतं. म्हाताऱ्याने पहिला घोट घेतला आणि समाधानाने डोळे मिटले. "ही खरी साखर," तो म्हणाला. "लग्नापासनं तर तुझी साखर आणखीच गोड लागती मला. पोरीचं सुख उतरलंय तिच्यात. लोक काय वेडे झालेत कळत नाही. आपल्या माणसाकडनं घ्यावं. गोडी आपल्या माणसाकडंच असती."

वागियेम परातीतली साखर पिशवीत भरत होती. कात्री तिच्या मांडीवर होती आणि फोडलेलं हिरवं पाकीट पायाखाली होतं. तिने ते पायाने मागे सरकवलं. मग तिला स्वतःचीच शरम वाटली. मांडीवरून कात्री खाली ठेवून तिने पाकीट उचललं आणि म्हाताऱ्यापुढे फळीवर ठेवलं.

"म्बाह, तुम्ही तिकडचीच साखर पिताय."

"कुठली?"

"थंड दुकानची. आहेरात आली ती. माझी धरलीय ओल लागून, मागं पडलीय. लग्नापासनं तुम्हाला हीच घालतेय मी."

म्हाताऱ्याने पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. अक्षरं त्याला येत नव्हती, पण चिन्ह त्याने ओळखलं. कुणाच्या मृत्यूची बातमी ऐकावी तसा त्याचा चेहरा झाला होता. मग त्याने ग्लास उचलला, आणखी एक घोट घेतला आणि लगेच न गिळता तोंडात धरून ठेवला.

"गोड आहे की गं," तो म्हणाला.

"आहे," वागियेम म्हणाली.

"गोडच आहे."

"हो म्बाह."

एक फटफटी गेली. मांडवाच्या राहिलेल्या बांबूवरून थेंब गळत होते. वागियेमला वाटलं, आता तो हसेल, काहीतरी शेरा मारेल, आणि मग ती त्याला आणखी एक कॉफी करून देईल. म्हाताऱ्याने ग्लास तळापर्यंत रिकामा केला, खाली राहिलेली साखर बोटाने काढून चाटली.

"तिकडं बसायला बाक आहे का?" त्याने विचारलं.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण त्याने नुसतं विचारलं होतं, भाताची रोपं कुठपर्यंत आली असं विचारावं तसं.

"आहे," तिच्या तोंडून निघून गेलं. "लोखंडी खुर्च्या आहेत दारापुढं. वर छप्पर आहे."

"बरं," म्बाह दिर्जो म्हणाला. काठी टेकून तो उठला. उठल्यावर तो थोडा थांबला, गुडघे सरळ व्हायला त्याला वेळ लागत असे. वागियेम त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. उद्याचं पाणी ठेव, एवढंच त्याने म्हणायचं राहिलं होतं. तो ओट्याची पायरी उतरला आणि घराकडे न वळता डांबरी रस्त्याकडे वळला, एकदा बघून यावं म्हणून निघाल्यासारखा.